अंदमानला निघालोय, पण तिला मागे ठेवायचं का?

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या गावातल्या महिला बचत गटाच्या सचिव आहेत. गटात ११ जणी, सगळ्यात धाकटी २९ वर्षांची आणि सगळ्यात मोठी ६३ वर्षांची. गटाच्या नेहमीच्या बचतीला हात न लावता, दर महिन्याला वेगळे पैसे टाकत तीन वर्षांत त्यांनी सहलीपुरती रक्कम जमवली आणि अंदमानला जायचं ठरवलं. अकरा जणींपैकी एकीनेही समुद्र पाहिलेला नाही. गावात कुजबुज आहे की शेगाव-पंढरपूर सोडून हे काय नवीन. एका एजंटने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याचं स्वस्त पॅकेज दिलंय आणि आठवडाभरात पूर्ण पैसे मागतोय. मे महिन्यात शेतात काम नसतं, मुलांना सुट्ट्या असतात, म्हणून त्यांनाही ते सोयीचं वाटतं. सोबत त्याने खरेदीची लांबलचक यादी दिली आहे: पोहण्याचे कपडे, गॉगल, वॉटरप्रूफ पिशव्या, महागडी क्रीमं. यातलं काय घ्यावं, काय सोडावं, हा त्यांचा प्रश्न. पत्राच्या शेवटी ताई लिहितात की गटातल्या धाकट्या सदस्येला सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे. ती स्वतःच म्हणते, "माह्यापायी तुमची सहल नका बिघडवू, तुम्ही जा." बाकीच्यांनाही तेच बरं वाटतं, पण मन काही तयार होत नाही.

ताई,

तिची गोष्ट तुम्ही पत्रात शेवटच्या चार ओळींत लिहिली आहे. मी सुरुवात तिथूनच करते, कारण तारीख, प्रवास, मुक्काम, सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

सिकलसेल आहे म्हणजे विमान नाही आणि समुद्रही नाही, असं तुम्ही सगळ्यांनी धरून चालला आहात. हे तुम्हाला कोणी सांगितलं? पत्रात डॉक्टरांचा उल्लेख कुठेच नाही. ती वाहक आहे, म्हणजे दोष रक्तात असूनही आजार नसलेली, की रुग्ण, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे दोन्हींना सरसकट "सिकलसेल आहे" म्हणतात, पण दोन्हींत फार फरक आहे. वाहक असेल तर साध्या प्रवासी विमानाने जायला सहसा काहीच अडत नाही. रुग्ण असेल तर विचारून जायला हवं. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा. ऑक्सिजन थोडा कमी मिळतो, एसीचा गारठा असतो, आणि स्वच्छतागृहात वारंवार जायला नको म्हणून बायका पाणी पीत नाहीत. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून दुखणं उठू शकतं. तरीही प्रकृती स्थिर असलेले अनेक रुग्ण डॉक्टरांच्या सल्ल्याने विमानाने जातात.

तेव्हा तारीख ठरवण्याआधी तुमच्यापैकी एकीने तिला घेऊन सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जावं. तिचं सिकलसेलचं कार्ड आणि जुने कागद सोबत न्यावेत. डॉक्टरांना नेमकं विचारा: शेवटचं दुखणं कधी उठलं होतं ते पाहता आत्ता विमानप्रवास चालेल का, प्लीहेचा त्रास आहे का, हिमोग्लोबिन पुरेसं आहे का, विमानात ऑक्सिजन लागेल का, दुखणं उठलंच तर कोणती गोळी किती घ्यायची. उत्तरं कागदावर लिहून मागा आणि तो कागद प्रवासात तिच्याजवळ ठेवा. डॉक्टर "आत्ता नको" म्हणाले, तर "मग कधी?" हेही विचारा. तीन वर्षं थांबलेल्या तुम्ही सहा महिने आणखी थांबू शकता. ती "तुम्ही जा" म्हणते, ते तिचं मोठं मन आहे. पण न विचारताच तिचा शब्द खरा धरला, तर परत आल्यावर बैठकीत तिच्याशेजारी बसणं तुम्हालाच जड जाईल, असं मला वाटतं.

ती आली तर फार काही वेगळं करावं लागणार नाही. तिला कडेची सीट द्या, म्हणजे उठबस सोपी होईल आणि ती पाणी प्यायला कचरणार नाही. अंगावर शाल हवी. पाण्यात तासन् तास गारठत बसायचं नाही, आणि स्कूबा (हवेची टाकी लावून समुद्रात बुडी मारणं) तिने करायचाच नाही.

आता मे महिन्याबद्दल. ताई, अंदमानचं नाव तुमच्या घरात दरवर्षी ऐकू येतं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बातम्यांत सांगतात ना, "मान्सून अंदमानात दाखल"? मग आपली माणसं बियाण्याच्या पिशव्यांची चौकशी सुरू करतात. तेच हे अंदमान, आणि एजंट तुम्हाला नेमक्या त्याच्या पुढच्या आठवड्यात तिथे पाठवतोय. केरळात १ जूनच्या आसपास आणि विदर्भात जूनच्या मध्याला पोहोचणारा पाऊस तिथे २० मेच्या सुमारासच सुरू होतो. समुद्र खवळतो, बेटांदरम्यानच्या बोटी रद्द होतात, पाण्याखालचं काही दिसत नाही. पॅकेज स्वस्त आहे ते त्यामुळेच. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही मुख्यतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात येतात.

चांगला काळ डिसेंबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. पण तेव्हा आपल्याकडे काय चाललेलं असतं हे तुम्हाला मी काय सांगू! कापसाची वेचणी, मग तूर, मग हरभरा. म्हणून अकरा जणींनी एका बैठकीत हा एकच विषय घ्या. कोणाच्या शेतात शेवटची वेचणी कधी, हरभरा कोणाचा आहे आणि सोंगणी कधी, कोणाचं मूल दहावी-बारावीला आहे, कोणाच्या घरी लग्न आहे, हे सगळं एका कागदावर महिन्यानिशी मांडा. मला वाटतं फेब्रुवारीच्या उत्तरार्धात एक आठवडा निघेल. बारावीची परीक्षा तेव्हाच असते, त्यामुळे एखादीची अडचण होईल आणि तिच्याशी मोकळेपणाने बोलावं लागेल. तरीही मेपेक्षा तो आठवडा कितीतरी बरा.

एजंटला आठवडाभरात पूर्ण पैसे देऊ नका. आधी काही रक्कम, विमानाची तिकिटं हातात आल्यावर काही आणि उरलेली तिथे पोहोचल्यावर, असं लेखी ठरवा. तिकीट आलं की त्यावरचा पीएनआर विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकून अकराही नावं दिसतात का, ते गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोरीला बघायला सांगा. पक्कं बिल मागा. पैसे गटाच्या खात्यातून देणार असाल, तर ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, म्हणजे उद्या हिशेबावरून कोणाचं मन दुखणार नाही. आणि बाई, सहलीसाठी गटातून किंवा बँकेतून कर्ज मात्र काढू नका. इतकी वर्षं वेगळे पैसे टाकून जी शिस्त पाळली, ती इथे मोडायला नको.

नावांचं प्रकरण मी जरा लांबवून सांगते, कारण ते माझ्या घरात घडलं आहे. माझी मोठी आई पहिल्यांदा विमानाने निघाली होती, नागपूरहून. तिकीट पुतण्याने काढलं होतं, घरात सगळे म्हणतात त्या नावाने आणि सासरच्या आडनावाने. काउंटरवर मुलीने ओळखपत्र मागितलं. मोठ्या आईने कमरेचा बटवा सोडला, त्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून चार घड्या घातलेला कागद. ती आधारची झेरॉक्स होती, घडीवर शाई उडालेली, आणि तिच्यावर नाव होतं माहेरचं. मूळ आधार घरी लोखंडी पेटीत, चोरीला जाऊ नये म्हणून. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. मोठी आई मात्र काउंटरला धरून उभी राहिली आणि मागची रांग तिच्याकडे बघत होती. शेवटी घरच्या आणखी कागदांचे फोटो मागवून, धावपळ करून ती कशीबशी गेली. अजूनही विमानाचा विषय निघाला की ती आधी बटवा चाचपते.

तुमच्या अकरा जणींत अशा तीन-चार तरी निघतील. आधारवर नाव एक, मतदान कार्डावर दुसरं, बँकेत तिसरं. आधार दुरुस्त करायला धावू नका, त्यात दिवस जातात. सोपं म्हणजे ज्या ओळखपत्रावर जायचं, त्यावर अक्षर न् अक्षर जसं आहे, तसंच नाव तिकिटावर घाला. बैठकीला सगळ्यांनी मूळ ओळखपत्र आणायचं, एकीने वाचायचं, दुसरीने वहीत उतरवायचं, आणि एजंटला ती वहीच द्यायची. अंदमानच्या नेहमीच्या बेटांवर जायला भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही. पण बोटीच्या तिकिटाला आणि हॉटेलातही हेच ओळखपत्र लागतं, तेव्हा मूळ कार्ड हवं.

जायचं कसं? नागपूरहून विमानाने चेन्नई किंवा कोलकाता आणि तिथून पोर्ट ब्लेअर. खर्च वाचवायचा तर सेवाग्राम किंवा बल्लारशाहहून रेल्वेने चेन्नई आणि पुढे सुमारे दोन तासांचं विमान. चेन्नई सेंट्रलपासून थेट विमानतळापर्यंत मेट्रो आहे. रेल्वे उशिरा येते हे धरून मधे एक रात्र चेन्नईत ठेवा. जहाजही जातं, पण त्याला जवळपास तीन दिवस लागतात, तुम्हाला ते परवडणार नाही. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप २०१८ मध्येच झालं. कागदांवर दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. भाषेची चिंता सोडा, तिथे सगळीकडे हिंदी चालते.

आता समुद्र. तुमच्या काही जणींना विहिरीत पोहता येतं, असं तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे. येत असेलच. पण विहिरीचं पाणी एका जागी असतं. समुद्राचं पाणी पायाखालची वाळू ओढत माघारी जातं, आणि कधीकधी किनाऱ्यापासून आत खेचणारा प्रवाह असतो. त्यात सापडलं तर त्याच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे यायचं नाही. किनाऱ्याला समांतर आडवं सरकत प्रवाहाबाहेर पडायचं आणि मग परत फिरायचं. जीवरक्षक जिथे बसलेला असेल तिथेच आणि गुडघाभर पाण्यातच उतरा, हे माझं सांगणं आहे. काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तिथे पाट्या लावलेल्या असतात. त्या पाटीपुढे कोणाच्याही आग्रहाने जाऊ नका.

पोहण्याचे कपडे विकत घेऊ नका. साडी नेसून मात्र पाण्यात शिरू नका, ती भिजली की पायांत गुंडाळते आणि तिचं ओझं होतं. सिंथेटिक कापडाचा कुर्ता आणि लेगिंग पुरे, घरातल्या पोरींचेही चालतील. तुमच्यातल्या ६३ वर्षांच्या आजी कास्ट्याचं लुगडं नेसत असतील, तर त्या पाचवारीवालीपेक्षा बोटीवर चढताना जास्त सुरक्षित आहेत. धक्का आणि बोट यांच्यामधली फळी हलत असते. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी.

ज्यांना एसटी लागते, त्यांना बोटही लागेल. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपपर्यंत दीड ते अडीच तास लागतात. उलटी होईल म्हणून उपाशी राहण्याची पद्धत आहे, ती चुकीची. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. हलकं खा, बोटीच्या मध्यभागी बसा, मोबाइलकडे न बघता लांब क्षितिजाकडे बघा. गोळी घ्यायची तर बोट सुटण्याच्या तासभर आधी, आणि बीपी, काचबिंदू किंवा इतर औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. देवदर्शनासाठी त्या सर्रास घेतल्या जातात, पण लांबच्या प्रवासात तासन् तास बसून राहणं आणि त्यात त्या गोळ्या, हे सगळ्यांना झेपत नाही. सिकलसेल किंवा बीपी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

बोटीची सवय व्हावी म्हणून माझी एक सूचना आहे. जाण्याआधी महिनाभर एका रविवारी सगळ्या जणी रामटेकला जा आणि खिंडसी तलावात बोटीत बसा. लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतःच्या हाताने लावून बघा, सोडून बघा. तलावात समुद्रासारख्या लाटा नसतात, पण पायाखालचं हललं की कोण घाबरतं, कोणाचा हात कोण धरतं, हे तिथे कळेल. तिकडे गेल्यावर जोड्या त्याप्रमाणे लावा.

ऊन आपल्या सवयीचं आहे, असंही तुम्ही लिहिलंय. आपलं ऊन कोरडं, ४५ अंशांतही घाम लगेच वाळतो. तिथे पारा तिशीच्या आसपासच असतो, पण हवा दमट. घाम अंगावरच राहतो, कपडे वाळत नाहीत आणि तहान लागली आहे हे कळतच नाही. शिवाय पाणी आणि वाळू यांवरून ऊन परत तोंडावर येतं, डोक्यावरच्या पदराला ते अडत नाही. तेव्हा यादीतलं सनस्क्रीन घ्या, साधं चालेल, दोघींत एक. गॉगल वाटला तर घ्या. वॉटरप्रूफ पिशवीऐवजी जाड प्लॅस्टिकच्या दोन-दोन पिशव्या, तोंडाला रबर. कापसाचं साधं लुगडं आणि टॉवेल दोन दिवस ओले राहतात, म्हणून पातळ पंचे न्या. पिसवांसारखे बारीक किडे किनाऱ्यावर चावतात, त्यांना तिथे सँडफ्लाय म्हणतात. संध्याकाळी पाय झाकून बसा, डासांचं मलम जवळ असू द्या.

आणखी एक गोष्ट माहीत नसली की दिवस फुकट जातो. तिथे सूर्य आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी उगवतो आणि मावळतो. फेब्रुवारीअखेर सकाळी साडेपाचच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मावळतं. तुम्हाला पहाटे उठायची सवय आहेच, तिचा फायदा घ्या आणि दुपारी आराम करा.

सामान साधारणपणे मोठ्या बॅगेत १५ किलो आणि हातात ७ किलो. जवसाची चटणी, ठेचा, लोणचं, तिखट नेणारच असाल तर मोठ्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या डब्यात. हातातल्या पिशवीत तिखट आणि लोणचं अडवतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊच नका, त्या तेलकट असल्याने पेट घेऊ शकतात म्हणून मोठ्या बॅगेतही चालत नाहीत. अडकित्ता आणि सुरी मोठ्या बॅगेत, काडेपेटी आणि लायटर घरी. पॉवर बँक उलट हातातच हवी. बीपी-शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातात, दोन दिवस जास्तीच्या.

पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा, लहान बेटांवर एटीएम मोजके आहेत. मोबाइलही तिथे अडखळतो. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकल्यापासून बरंच सुधारलं आहे, तरी अकराही जणींचे आणि घरचे नंबर कागदावर लिहून प्रत्येकीच्या ब्लाउजच्या पाकिटात असू द्या. लहान बेटांवर मोठं रुग्णालय नाही, सरकारी जी. बी. पंत रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे. आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. सकाळी स्वराज द्वीपहून बोट आणि दुपारी विमान असा कार्यक्रम एजंटने आखला असेल तर बदलून घ्या. बोट रद्द झाली की विमान चुकतं. ज्यांना स्कूबा करायचा, त्यांनी तो पहिल्या दिवसांत उरकावा. त्यानंतर किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसायचं नसतं. दमा, बीपी, कानाचं दुखणं असेल तर करूच नये.

घरच्यांसाठी सात दिवसांचं काय करून ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. अकराही घरांतून बाई जाणार, म्हणजे अकरा घरांत चूल कोणीतरी पेटवणारच आहे. निघण्याआधीच्या आठवड्यात दोन दिवस घरच्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना स्वयंपाक, धार, पाणी भरणं हे सगळं करू द्या, तुम्ही घरात असतानाच. डाळीत मीठ जास्त पडलं तरी उठू नका. म्हाताऱ्या सासूबाईंची औषधं कोणत्या डब्यात आहेत, जनावरांचा डॉक्टर कोण, हे दाराच्या मागे लिहून चिकटवा. शेगाव-पंढरपूरवरून बोलणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. सेल्युलर जेलसमोर उभं राहून, ज्या कोठड्यांत माणसं वर्षानुवर्षं एकटी होती त्या आपल्या डोळ्यांनी बघणं, हेही दर्शनच आहे. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीला सात बाजू होत्या, आता तीनच उरल्या आहेत. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम चुकवू नका.

बाराटांग बेटावर गेलात तर रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात. तिथे फोटो काढणं, खायला देणं, गाडी थांबवणं कायद्याने गुन्हा आहे, ड्रायव्हर काहीही म्हणाला तरी. आपल्या अंगणात कोणी गाडीच्या काचेतून मोबाइल रोखला तर आपल्याला कसं वाटेल, तेवढं पोरींना सांगा.

नातवंडांसाठी शंख-शिंपले आणण्याचं तुम्ही कबूल केलं आहे. किनाऱ्यावरून एकही उचलू नका, प्रवाळाचा तुकडा तर नाहीच. वन्यजीव कायद्यात ते बसतं आणि विमानतळावर बॅग उघडून काढून घेतात. पोर्ट ब्लेअरमध्ये सागरिका नावाचं सरकारी दुकान आहे, तिथून घ्या, आणि पावती शंखाबरोबरच गुंडाळून हातातल्या पिशवीत वर ठेवा.